निवेदन दिलं, फोटो आला, पुढे काय?

जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर हा फोटो आठवड्यातून दोनदा तरी असतोच. मधोमध तहसीलदार किंवा प्रांत, हातात एक कागद, त्या एका कागदाला सात-आठ जणांचे हात लागलेले आणि मागच्या रांगेतले टाचा उंचावून कॅमेऱ्यात शिरायच्या खटपटीत. खाली ओळ: 'विविध मागण्यांचे निवेदन सादर करताना', मग नावं आणि शेवटी 'आदी उपस्थित होते'. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, कात्रण फायलीला लागतं. कागदाचं पुढे काय होतं, हे फोटोतल्या दहापैकी नऊ जणांना ठाऊक नसतं.

तो कागद बारनिशीत जातो. बारनिशी म्हणजे सरकारी कचेरीत आलेलं टपाल नोंदवून घेणारं टेबल. तिथे त्याच्यावर आवक क्रमांक पडतो, तारखेचा शिक्का बसतो आणि तो संबंधित शाखेच्या कारकुनापुढे येतो. कारकून स्वतःला पहिला प्रश्न विचारतो: हे आपल्या अखत्यारीत येतं का? येत नसेल तर 'उचित कार्यवाहीसाठी' असं लिहून तो कागद दुसऱ्या कचेरीकडे रवाना करतो. तिथला कारकूनही हाच प्रश्न विचारतो. असा दोन-तीन उंबरठे झिजवून कागद एक दिवस 'दप्तरी दाखल' होतो, म्हणजे फायलीला लावून विषय संपतो. यात कोणी लबाडी केलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा ज्याच्याकडे मागायला हवं होतं, त्याच्याकडे ते मागितलेलंच नसतं.

कायदा किंवा सरकारचं धोरण बदलून हवं असेल तर साध्या माणसाने कुठल्या दारातून आत शिरावं, हा या लेखाचा विषय. दारं बरीच आहेत. काही दारांमागे बसलेल्या माणसावर उत्तर लिहिण्याचं बंधन असतं, काहींमागे नसतं. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आधी तक्रार आणि धोरण यांतला फरक. 'आमच्या गल्लीतला खड्डा बुजवा' ही तक्रार. ती ज्याचा रस्ता त्याच्याकडे करायची आणि रस्ता कोणाचा हे शोधण्यातच अर्धी शक्ती जाते, कारण तो ग्रामपंचायतीचा असू शकतो, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा, नाहीतर महामार्गवाल्यांचा. पण रस्त्याच्या निविदेत 'दोष दायित्व कालावधी' असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर कंत्राटदाराने तो स्वतःच्या पैशाने नीट करून द्यायचा असतो. आता कोणी म्हणालं, 'ही मुदत आणि कंत्राटदाराचं नाव रस्त्याच्या दोन्ही टोकांना कायमच्या फलकावर लिहिणं जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्यासाठी सक्तीचं करा', तर ती धोरणाची मागणी झाली. एक खड्डा बुजवायला कनिष्ठ अभियंता पुरतो. दुसरीसाठी वर कुठेतरी आदेश निघावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक निवेदनांत ही दोन्ही एकाच कागदावर, एक ते चौदा क्रमांकांनी, शेजारी शेजारी नांदत असतात. चौदा मागण्या चौदा टेबलांच्या. मग कागद कुठल्याच टेबलाचा राहत नाही.

धोरणाची मागणी म्हटली की ते धोरण कुठल्या पायरीवर लिहिलेलं आहे, हे पाहावं लागतं. सगळ्यात खाली परिपत्रक, म्हणजे खात्याने आपल्याच माणसांना दिलेली सूचना. वर शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. त्याच्या वर कायद्याखाली केलेले नियम, जे राजपत्रात अधिसूचनेने येतात. त्याच्या वर विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा, आणि माथ्यावर राज्यघटना. जी पायरी असेल, तिथल्याच माणसाला ती बदलता येते. जिल्हाधिकाऱ्याकडे कायदा बदलून मागणं म्हणजे कंडक्टरला एसटीचा मार्ग बदलायला सांगण्यासारखं आहे.

दोन उदाहरणं घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावचा ठराव काही दिवसांत राज्याच्या कागदावर आला, हा वेग थक्क करणारा आहे. पण तो परिपत्रकाचा वेग. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. ते न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. जे पटकन मिळतं ते बहुधा खालच्या पायरीवरचं असतं.

उलटं उदाहरण शाळाप्रवेशाचं. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतल्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. कायद्याला हात न लावता, खालच्या पायरीवरच्या नियमाने कायद्याचा गाभा पोखरला गेला. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदलच रद्द केला. नियम कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, हे त्यातलं सार. पायऱ्या माहीत असल्या की भांडण कुठे करायचं हे कळतं, ते असं.

आपल्या मुलखाला ही विद्या नवी नाही. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतं पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. देवस्थानाच्या भानगडीतून देशातली एक महत्त्वाची राजकीय संस्था जन्माला आली, हे अगदी पुण्याला शोभणारं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अट घातली, ती मला आजच्या कुठल्याही सह्यांच्या मोहिमेपेक्षा हुशार वाटते. सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे अशी सुमारे ६ हजार माणसं होती. साहेब विचारणार, तुम्ही कोण, कोणाच्या वतीने बोलता? त्याचं उत्तर कागदावर तयार. याच सभेने १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला थेट प्रतिनिधित्व मिळावं, असा अर्ज हाउस ऑफ कॉमन्सकडे पाठवला. तो मान्य झाला नाही. पण अर्ज बरोबर दारावर गेला होता, कारण ती गोष्ट देणं पार्लमेंटच्याच हातात होतं.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे, दिलेलं निवेदन मी नव्याने निवेदन लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगतो, आणि तेही मजकुराच्या बांधणीसाठी. सुरुवातीला ते आपण कोण, शाळा कधी काढल्या, किती वर्षं चालवल्या, ते सांगतात. म्हणजे बोलायचा अधिकार आधी सिद्ध. मग पैशाचा मुद्दा: महसूल भरतो रयत आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. मग मागणी: ठरावीक वयापर्यंत, किमान १२ वर्षांपर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि मग तपशील. मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख असावी, शेतीचं प्राथमिक ज्ञान मिळावं, आरोग्याचे चार धडे असावेत. शिक्षकांच्या पगाराबद्दलसुद्धा त्यांनी लिहिलंय. 'शिक्षणाच्या क्षेत्रात योग्य ती पावले उचलावीत' असलं गुळमुळीत वाक्य तिथे नाही. सक्तीच्या शिक्षणाचा केंद्राचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मध्ये १२७ वर्षं गेली. एका निवेदनाने कायदा झाला असं कोणी म्हणणार नाही, पण ती मागणी कागदावर नेमकी मांडलेली होती आणि पुढच्या प्रत्येक पिढीला ती उचलून पुढे नेता आली.

तिसरं उदाहरण महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांचं. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारच्या पलटणींत चाकरी केली, त्यांनाच दार बंद. दख्खनच्या महार परिषदेच्या वतीने १९१० मध्ये कांबळ्यांनी भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश सरकारात हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री, अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज केला: सैन्यात, पोलिसात, सरकारी नोकरीत आम्हाला घ्या. १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली गेली, आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. दोन्ही वेळा महायुद्ध चालू होतं आणि सरकारला माणसं हवी होती, हे विसरून चालणार नाही. अर्जाने दार उघडलं नाही. गरज पडली तेव्हा दाराशी कोण किती वर्षं उभं आहे, याची लेखी नोंद मात्र होती.

आता आजच्या दारांकडे येऊ.

राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद फारसा कोणाला माहीत नसतो. तो म्हणतो, की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देताना तिथे वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत ते देता येतं. म्हणजे दिल्लीच्या मंत्रालयाला मराठीत लिहायला तुम्हाला कोणी आडकाठी करू शकत नाही. उत्तर मराठीत येईल का, ही वेगळी गोष्ट.

पण अशा निवेदनाला अमुक दिवसांत अमुक प्रकारे उत्तर दिलंच पाहिजे, असं ते कलम म्हणत नाही. ब्रिटनमध्ये संसदेच्या संकेतस्थळावरच्या अर्जाला १० हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं आणि १ लाख झाल्या की त्यावर चर्चा घ्यायचा विचार होतो. आपल्याकडे असा आकडा नाही. ऑनलाइन पाच लाख लोकांनी बटण दाबलं तरी कायद्याच्या हिशेबात त्याचं वजन शून्य. बातमी होते, दबाव येतो, आणि ते काही कमी नाही. पण बारनिशीत त्याची नोंद एक पत्र एवढीच.

याहून भक्कम दार आहे ते कायदेमंडळाच्या समितीचं. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांची याचिका समिती असते. लोकसभेच्या समितीत १५ खासदार, राज्यसभेच्या समितीत १०. मंत्र्याला या समितीवर बसता येत नाही, कारण तिथे सरकारलाच जाब विचारायचा असतो. ही व्यवस्था ब्रिटिश अमदानीतली, १९२४ पासूनची. महाराष्ट्राच्या विधिमंडळात हिचं नाव विनंती अर्ज समिती. नाव ऐकून बदलीसाठी धडपडणाऱ्या मास्तरांची आठवण होते, पण काम तेच आहे.

या समितीकडे काय नेता येतं? सभागृहापुढे आलेलं विधेयक, सभागृहाच्या कामकाजातला विषय, किंवा सर्वसाधारण लोकहिताचा कुठलाही प्रश्न. काय नेता येत नाही? न्यायालयात चालू असलेला विषय, ज्याच्यावर कायद्यात आधीच दुसरा उपाय आहे असा विषय, आणि संसदेकडे जायचं असेल तर जो राज्याच्या विधिमंडळाने पाहायचा तो विषय. तुमची स्वतःची बढती, तुमच्या भावकीतला बांध, हे इथे चालत नाही. संसदेकडचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत हवा. मराठीत लिहिला तर सोबत यांपैकी एका भाषेतला सही केलेला अनुवाद जोडायचा. भाषा सभ्य हवी. लोकसभेचा नियम तर सांगतो की अर्जाला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कागदपत्रं जोडायचीच नाहीत. आपल्याकडे निवेदनाला अर्धा किलोच्या झेरॉक्स जोडायची खोड आहे, तिच्यावर हा चांगला उतारा. खासदार तो सभागृहात सादर करणार असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. आणि एक गमतीचा नियम: खासदाराला स्वतःचाच अर्ज सादर करता येत नाही.

या दारामागे काय घडतं हे पाहायला 'वन रँक वन पेन्शन'इतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. सातारा-कोल्हापूरकडे ज्यांच्या घरी फौजी पेन्शन येते त्यांना ती अर्धी-मुर्धी पाठ असेल. पण तिचा मधला टप्पा, अर्जाचा, फार कमी जणांना माहीत आहे.

तक्रार सोपी होती. समजा दोन सुभेदार आहेत. हुद्दा एक, नोकरीची वर्षं सारखी. एक १९९० मध्ये निवृत्त झाला, दुसरा २००८ मध्ये. मधे वेतन आयोग आले, पगार वाढले, म्हणून दुसऱ्याची पेन्शन पहिल्यापेक्षा किती तरी जास्त. म्हाताऱ्या सुभेदाराने जास्त लढाया पाहिल्या असतील, पण पेन्शन त्याची कमी. माजी सैनिक कित्येक वर्षं हे सांगत होते. मोर्चे, पत्रं, पदकं परत करणं, सगळं झालं. खात्याचं उत्तर ठरलेलं: अडचणी आहेत.

मग हा विषय राज्यसभेच्या याचिका समितीपुढे आला. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले. समितीने काय केलं? माजी सैनिकांचं म्हणणं ऐकलं आणि मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलं, की अडचणी म्हणजे नक्की कुठल्या? तेव्हा त्या 'अडचणी'चे तीन गठ्ठे झाले: प्रशासकीय, कायदेशीर, आर्थिक. एकदा गठ्ठे झाले की एकेक सोडून बघता येतो. पैशाचा गठ्ठा सोडला तर २०११-१२ सालासाठी आकडा निघाला १,३०० कोटी रुपये. त्यातले १,०६५ कोटी अधिकाऱ्यांच्या खालच्या हुद्द्यांसाठी, म्हणजे शिपायापासून सुभेदार-मेजरपर्यंतच्या माणसांसाठी, आणि २३५ कोटी अधिकाऱ्यांसाठी. 'पैसा फार लागेल' या हवेतल्या वाक्याला पहिल्यांदा संख्या चिकटली. समितीला या अडचणी पटल्या नाहीत आणि १९ डिसेंबर २०११ रोजी तिने सभागृहात अहवाल ठेवला: मागणी मान्य करा.

या अहवालात एक वाक्य होतं, ज्याच्यावर पुढची दहा वर्षं भांडण झालं. ते म्हणजे व्याख्या: सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर निवृत्तीची तारीख कुठलीही असो, पेन्शन एकच, आणि पुढे पेन्शनच्या दरात वाढ झाली तर ती जुन्या पेन्शनरांना आपोआप मिळावी. 'आपोआप' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तत्त्व मान्य झालं आणि ५०० कोटी रुपये ठेवले गेले. सरकार बदललं. जून २०१५ मध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर साखळी उपोषणाला बसले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. १ जुलै २०१४ पासून लागू, आणि पेन्शनची फेरआखणी दर पाच वर्षांनी. खर्चाचा अंदाज आता वर्षाला ८ ते १० हजार कोटींवर गेलेला होता.

दर पाच वर्षांनी? मग 'आपोआप' कुठे गेलं? माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि म्हणाले, कोश्यारी समितीची व्याख्या बघा. १६ मार्च २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. समितीच्या अहवालातून मागणीचा इतिहास कळतो, समितीचं मत कळतं. पण तो अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे. पाच वर्षांची मुदत ठेवणं हा सरकारचा अधिकार. मात्र सरकारने स्वतः घातलेली ती पाच वर्षांची अट तरी पाळावी, १ जुलै २०१९ पासूनची फेरआखणी करावी आणि थकबाकी तीन महिन्यांत द्यावी, असं न्यायालयाने बजावलं. प्रत्यक्षात मंत्रिमंडळाची मंजुरी आली डिसेंबर २०२२ मध्ये, २५ लाखांहून जास्त पेन्शनरांसाठी.

या गोष्टीचा अर्थ लोक दोन प्रकारे लावतात. एक म्हणतात, बघा, समिती कुचकामी. दुसरे म्हणतात, बघा, अर्जाने मिळालं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. उपोषण झालं नसतं, तर अहवाल कपाटातच राहिला असता, यात शंका नाही. पण अहवाल नसता तर उपोषणाला बसलेल्यांच्या हातात आकडा नसता, व्याख्या नसती, आणि 'खासदारांनीच हे मान्य करा म्हणून सांगितलंय' हे वाक्य नसतं. समितीचं दार सरकारकडून 'हो' वदवून घेत नाही; 'का नाही' ते लिहून घेतं. खात्याने एकदा कारणं लिहिली की ती खोडता येतात.

तिसरं दार आपण रोज वर्तमानपत्रात पाहतो आणि पान उलटतो: 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' शहराचा विकास आराखडा, नियमांचा मसुदा, नवं विधेयक. केंद्राने २०१४ मध्ये धोरण ठरवलं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे सोयीनुसार पाळलं जातं. याउलट काही कायद्यांत हरकती ऐकणं सक्तीचंच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा त्यातला एक. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की मुदतीत कोणीही लेखी हरकत देऊ शकतो, आणि नियोजन समितीला त्याची सुनावणी घ्यावी लागते. म्हणजे इथे समोरचा माणूस 'उचित कार्यवाहीसाठी' लिहून सुटू शकत नाही.

मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा आठवत असेल. फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि लोकांनी नकाशे उघडले, तर कुठे उभ्या इमारतींवरून रस्ता, कुठे वारसा वास्तूंची नोंद गायब, कुठे शाळेच्या जागी भलतंच काही. हरकतींचा खच पडला, हजारोंनी. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. नवं प्रारूप आलं मे २०१६ मध्ये. हजारो हरकतींपैकी 'हा आराखडा बिल्डरधार्जिणा आहे' अशा भरपूर असतील आणि त्या खऱ्याही असतील, पण सुनावणीत त्यांचं काय करणार? ज्या हरकतीत सिटी सर्व्हे नंबर होता, नकाशाच्या पानाचा क्रमांक होता आणि 'इथे रस्ता दाखवलाय, तिथे आज सात मजली इमारत उभी आहे, फोटो सोबत' असं लिहिलेलं होतं, तिला उत्तर देणं टाळता येत नाही. एकाच मजकुराचे हजार ईमेल अधिकाऱ्याच्या तक्त्यात एका ओळीत बसतात; हजार वेगवेगळ्या चुका दाखवल्या तर हजार ओळी होतात.

भाषेचा अडसर इथे पुन्हा येतो. पर्यावरणीय मंजुरीच्या नियमांचा २०२० चा मसुदा केंद्राने काढला, तेव्हा देशात टाळेबंदी होती आणि मसुदा इंग्रजी-हिंदीत. ज्या कोकणातल्या माणसाच्या गावाशेजारी कारखाना येऊ घातलाय त्याने तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत अनुवाद करायला सांगितलं. अनुवादाच्या आदेशावर सरकार भांडत बसलं, हे मला त्या मसुद्यातल्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त बोलकं वाटलं.

आता प्रत्यक्ष कागद. आमच्या ओळखीतल्या एका महिला बचतगटाचं निवेदन मी मध्यंतरी दुरुस्त करून दिलं. मूळ वाक्य होतं: 'तरी शासनाने महिला बचतगटांच्या समस्यांकडे गांभीर्याने लक्ष देऊन त्यांना न्याय द्यावा, ही नम्र विनंती.' मी विचारलं, न्याय म्हणजे काय? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकीने सांगितलं, 'भाऊ, आम्हाला आठवडी बाजारात बसायला जागा मिळत नाही. जुने गाळेवाले हाकलतात.' जागा कोण ठरवतं? नगरपरिषद. कशाने? बाजाराच्या जागावाटपाच्या ठरावाने. मग कागदावर एवढंच राहिलं: 'आठवडी बाजारातील जागावाटपाच्या ठरावात नोंदणीकृत महिला बचतगटांसाठी एक रांग राखून ठेवावी, आणि हा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.' पत्ता मुख्याधिकाऱ्यांचा, प्रत नगराध्यक्षांना. पाच ओळी. आधीच्या दोन पानांत जे होतं त्यातलं बरंचसं खरं होतं, पण ते कोणाला करता येण्यासारखं नव्हतं.

दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर बारनिशीचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. हीच पोच. फोटो नसला तरी चालेल, पोच हवी. 'साहेब नाहीत, ठेवून जा' असं कोणी म्हणालं तर साहेबांची गरजच नसते. टपाल घ्यायला बारनिशी असते. नाहीच घेतलं तर पोस्टाने, पोचवल्याची लेखी पावती मिळेल असं पाठवायचं.

महिना-दीड महिना काही हललं नाही, की मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. 'माझ्या निवेदनाचं काय झालं?' असं मोघम विचारायचं नाही, कारण त्याला 'कार्यवाही चालू आहे' हे उत्तर तयार असतं. आवक क्रमांक आणि तारीख लिहून मागायचं: या निवेदनावर ज्या ज्या टेबलावर टिपणी लिहिली गेली त्या सगळ्या टिपण्यांच्या प्रती, ती लिहिणाऱ्यांचं पदनाम, आणि निवेदन आज ज्या नस्तीत, म्हणजे फायलीत, आहे त्या नस्तीचा क्रमांक. माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. बचतगटाच्या बायकांना त्या अर्जाने एक पान मिळालं. त्यावर कारकुनाची दोन ओळींची टिपणी होती: 'सदर मागणी मंजूर ठरावात नसल्याने विचारात घेता येत नाही. निवेदन दप्तरी दाखल करण्यास मान्यता असावी.' खाली साहेबांची लफ्फेदार सही.

त्या टिपणीवर गटातल्या सगळ्या खट्टू झाल्या. त्यांना ती हार वाटली. मी म्हटलं, यात ठरावाचा उल्लेख आहे; आता तो ठराव मागवा, तो कुठल्या सभेत झाला ते बघा, आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सांगा की दुरुस्तीचा प्रस्ताव मांड. दुसरं निवेदन त्यांनी स्वतःच लिहिलं. 'संदर्भ' या शब्दापुढे कार्यालयाच्याच नस्तीचा क्रमांक टाकला आणि विषयाच्या ओळीत लिहिलं, 'ठरावात दुरुस्ती करणेबाबत'.